दादाचे दोन मिस्ड कॉल

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ३४ वर्षांचे, पुण्यात नोकरीला. गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या अगदी काठावर. २०१९ च्या पुरात वडील गेले. दादा तेव्हा घरी होता. पाणी चढायला लागलं तरी वडील म्हशी सोडून निघायला तयार होईनात. दादानं आई, वहिनी आणि दोन मुलांना पहिल्या खेपेत ट्रॅक्टरनं बाहेर काढलं. तो वडिलांसाठी परत फिरला तोवर रस्ता पाण्याखाली गेला होता. वडील तिसऱ्या दिवशी सापडले. त्यानंतर सहा वर्षांत दोघा भावांत त्या रात्रीबद्दल एक शब्द झालेला नाही. बोलणं होतं ते उसाच्या बिलाचं आणि आईच्या गोळ्यांचं, तेही बहुतेक वहिनींमार्फत. आता दादा वाटणी मागतोय. "दादाच्या मनात माझ्याबद्दल राग आहे का? वाटणीला हो म्हणू का? आणि त्या रात्रीबद्दल त्याला बोलतं कसं करू?"

मी सांगलीत २२ वर्षं समुपदेशनाचं काम करते. पूर पाहिलेल्या घरांशी माझा संबंध २००५ पासूनचा. तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला आणि दरवेळी एकाच वाक्याशी थांबले. मधेच, सहज लिहिल्यासारखं, एक वाक्य आहे: "रात्री दादाचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते, ते मी सकाळी बघितले." त्याच्या पुढच्याच वाक्यात तुम्ही उसाच्या बिलावर गेलात. ते कॉल कशासाठी होते हे दादाला कधी विचारलंत का, फोन का उचलला गेला नाही हे त्याला सांगितलंत का, याबद्दल एक अक्षर नाही. माझा अंदाज, दोन्ही झालेलं नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून मांडते. तुम्हाला वाटतंय की घरात एक गप्प माणूस आहे आणि त्याला बोलतं करायचंय. मला दोन गप्प माणसं दिसतात. दादा त्या रात्रीबद्दल बोलत नाही आणि तुम्ही त्या सकाळबद्दल. तुमच्या गप्प राहण्यातून बहुधा त्याला 'बापाला टाकून आलास' असं ऐकू येतं. त्याच्या गप्प राहण्यातून तुम्हाला 'तू नव्हतास' असं ऐकू येतं. हे शब्द तुमच्यापैकी कुणीच उच्चारलेले नाहीत, आणि तरी सहा वर्षं दोघं तेच ऐकत आलात.

मी दादाला भेटलेली नाही, त्यामुळं त्याला अमुकच झालंय असं मी म्हणणार नाही. पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे. पुराआधी तुमचं दोघांचं कसं होतं? आधीपासूनच बांध पडलेला असेल तर पुरानं तो फक्त रुंद केला, आणि मग माझं निम्मं उत्तर लागू होत नाही. दादा पितो का, आणि किती? तो कधी 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं बोललाय का? बोलला असेल, तर खालचं काहीही वाचण्याआधी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या. बाकी सगळं नंतर. तो ऐकत नसेल तर तुम्ही स्वतः टेलिमानसला १४४१६ वर फोन करून पुढं काय करायचं ते विचारा. ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं.

आता दादाबद्दल. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी मला एकत्र पाहाव्याशा वाटतात. तो मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात जात नाही, तिथलं पाणी पाजायला गडी लावलाय. उरलेल्या म्हशी त्यानं त्याच वर्षी विकल्या. आणि २०२१ च्या जुलैत, पाणी अजून इशारा पातळीलाही पोचलं नव्हतं, तेव्हा त्यानं रात्री दोन वाजता सगळ्यांना उठवून पाहुण्यांकडं नेलं, त्यावरून तुम्ही फोनवर त्याला 'येडा झालायस का' म्हणालात. बाहेरच्याला हा विक्षिप्तपणा वाटेल. पण सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे गणित आपल्यासाठी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्याच्या डोळ्यांदेखत ते चढलं, त्याच्या शरीराला ३५ आणि ५७ यांत फरक करायला वेळ लागतो. कोयनेच्या विसर्गाची बातमी आली की त्याच्या आत ती रात्र पुन्हा सुरू होत असणार. त्या जुलैत पाणी पुढं ५५ फुटांच्या आसपास गेलं, म्हणजे दादाचं चुकलंही नव्हतं. हे त्याला कुणी म्हणालं का?

साधी आठवण गोष्टीसारखी असते. तिला सुरुवात असते, शेवट असतो, आणि सांगताना आपल्याला माहीत असतं की हे होऊन गेलंय. जिवावरच्या प्रसंगाची आठवण बऱ्याचदा अशी बसत नाही. मेंदूचा धोक्याची घंटा वाजवणारा भाग तेव्हा इतका जोरात काम करत असतो की घटनांचा क्रम लावणाऱ्या भागाचं काम विस्कटतं. मग तुकडे उरतात. गाळाचा वास. दावणीला बांधलेल्या म्हशींचं हंबरणं. अंधारात ट्रॅक्टरचा उजेड पाण्यावर पडलेला. हे तुकडे बोलावल्याशिवाय येतात आणि आले की 'होऊन गेलं' असं वाटत नाही, आत्ता घडतंय असं वाटतं. 'दादा, त्या रात्री नेमकं काय झालं?' या तुमच्या साध्या प्रश्नाचा अर्थ त्याच्यासाठी 'पुन्हा त्या पाण्यात उतर' असा होऊ शकतो. शिवाय नेमकं काय झालं हे क्रमानं त्यालाही सांगता येत नसेल. लोकांना वाटतं हा लपवतोय.

आणखी एक गोष्ट मी पूरग्रस्त घरांत वारंवार पाहिली. दादानं ती रात्र सांगितलेलीच नाही असं नाही. त्यानं ती अनेकदा सांगितली आहे. पोलिसांना जबाब म्हणून, तलाठ्याला पंचनाम्यासाठी, शवविच्छेदनाच्या वेळी, चार लाखांच्या मदतीच्या कागदांसाठी, कॅमेरा घेऊन आलेल्यांना. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: मयत इसम घरात का राहिले, तुम्ही कुठं होतात? आरोपीला विचारावा तसा. मग तुम्ही पुण्याहून आलात आणि काहीच विचारलं नाहीत. तुम्हाला वाटलं, त्याला त्रास नको. त्याला काय वाटलं असेल, याचा विचार करा. सगळ्या जगानं विचारलं, सख्ख्या भावानं नाही.

वडील का थांबले हेही नीट समजून घ्या, कारण दादाचा अपराधीपणा तिथंच अडकलेला असणार. नदीकाठच्या घरांत भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती. 'त्याच्या वर येत न्हाई' हा जुन्या माणसांचा हिशोब होता आणि तो अनुभवातून आलेला होता. दादानंही तो मान्य केला असेल, म्हणून तर त्यानं वडिलांना उचलून ट्रॅक्टरमध्ये घातलं नाही. बापाला उचलून नेणं ही आपल्याकडं सोपी गोष्ट नाही. आज वाटतं, जबरदस्ती करायला हवी होती, बोट बोलवायला हवी होती. पण त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळला सुटकेसाठी निघालेली बोट उलटली आणि जे घर सोडून निघाले होते त्यांतलेच लोक बुडाले. त्या दिवसांत कुठला निर्णय जीव वाचवेल हे कुणालाच कळत नव्हतं. हे मी तुमच्यासाठी लिहितेय. दादाला वाद घालून पटवण्यासाठी हे वापरू नका, कारण अपराधीपणा युक्तिवादानं जात नाही. उलट त्याला वाटेल, याला माझं ऐकायचं नाही, गप्प करायचंय.

आणि रागाचं काय? राग असणारच. माणूस मेलाय. पण आपल्याकडं नदीवर रागावता येत नाही. ती कृष्णामाई. पाणी दारात आलं की बायका तिची ओटी भरतात. वडिलांवर रागावता येत नाही, कारण ते गेले. मग तो राग घरातल्या जिवंत आणि जवळच्या माणसावर जातो, पुष्कळदा भावावर. त्यामुळं दादाच्या मनात राग आहे का, याचं माझं प्रामाणिक उत्तर असं: असू शकतो, पण तो सगळा तुमच्या नावाचा नसेल.

इथं मला माझ्या घरातलं सांगावंसं वाटतं. माझे वडील आणि काका पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा वडील १४ वर्षांचे होते, काका ९. भिंत पडली. वडिलांनी काकाला हाताला धरून ओढून बाहेर काढलं. त्यांची बहीण आत राहिली. वडिलांनी मला हे त्यांच्या साठीनंतर एकदा सांगितलं आणि म्हणाले, 'तुझ्या काकाला वाटतं मी ताईला सोडलं.' काही वर्षांनी काका मला म्हणाले, 'मी हात सोडला असता तर दादानं ताईला काढलं असतं. त्याला माझा राग आहे.' दोघांचा अर्धा-अर्धा भूकंप माझ्याकडं आहे. एकमेकांना त्यांनी तो कधी दिला नाही. आघातानंतर मनाला होणाऱ्या आजाराला मानसोपचाराच्या पुस्तकात स्वतंत्र नाव मिळालं तेच १९८० साली, त्यामुळं त्यांच्या काळात कुणी विचारलं नाही हे मी समजू शकते. पण मी तर हेच काम करत होते, आणि काकांचं ऐकलं तेव्हा वडील हयात होते. मी दोघांना एका खोलीत बसवलं नाही. मला वाटलं, आता वयं झाली, कशाला उकरायचं. आज दोघंही नाहीत. म्हणून तुम्हाला उत्तर लिहिताना मी तटस्थ नाही, हे तुम्हाला माहीत असावं.

आता 'बोलतं कसं करू' याकडं येते. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. तुम्ही बोला.

हे मी एका चुकीतून शिकले. २००५ च्या पुरानंतर मी नवीन होते, उत्साह होता. एका शाळेतल्या निवाऱ्यात आम्ही लोकांना गोल बसवून 'जे झालं ते मोकळेपणानं सांगा' म्हणत असू. एक माणूस सांगता सांगता थरथरायला लागला आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं बघेनासा झाला. घटनेनंतर लगेच सगळं वदवून घेतल्यानं फायदा होत नाही, काहींना त्यानं अपायच होतो, हे आता जगभर मान्य आहे. २०१९ ला आम्ही तसं केलं नाही. झोप झाली का, जेवलात का, घरच्यांशी फोन लागला का, एवढंच विचारत बसलो. ज्यांना बोलायचं होतं ते आपणहून बोलले. त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या कुणीतरी आधी स्वतःचं सांगितल्यावर बोलावंसं वाटलं, हे मी त्यावेळी नीट पाहिलं.

म्हणून दादाकडून त्याची रात्र मागण्याआधी तुमची सकाळ त्याला द्या. फोन सायलेंटवर होता की तुम्ही बघून ठेवून दिला होतात, जे खरं असेल ते. खोटं सजवू नका. फार लांबण लावू नका. असं काहीतरी पुरे: "दादा, त्या रात्री तुझे दोन फोन आलेले. मी झोपलेलो. सकाळी बघितले. तेव्हापासून मला तुझ्याकडं मान वर करून बघवत न्हाई. तुला काय बोलायचं असलं तर बोल, नसलं तर ऱ्हाऊ दे. मला एवढंच सांगायचं हुतं." आणि तिथं थांबा. थांबणं अवघड जाईल. तो काहीच बोलला नाही तर तुम्हाला वाटेल, झालं, फुकट गेलं. तसं नसतं. माझ्याकडं आलेल्या एका घरात धाकट्यानं असं सांगितल्यावर मोठा उठून मोटर बघायला गेला, आणि सव्वा महिन्यानं, भलत्याच विषयावर बोलताना, तीन वाक्यं बोलला. त्या तीन वाक्यांत सगळं होतं.

कुठं बोलायचं, हेही महत्त्वाचं. घरात समोरासमोर बसून नको. आपल्याकडचे भाऊ एकमेकांकडं बघून बोलत नाहीत, ते एकाच दिशेला बघत बोलतात. गाडीवर पुढं-मागं, बांधावर, दोघं मिळून पाइप जोडताना. आईसमोर नको, कारण तिच्यासमोर दादा मुलगा नसतो, कर्ता असतो, आणि कर्त्यानं कोलमडायचं नसतं असं तो समजत असणार. पाव्हण्यारावळ्यांसमोर तर अजिबात नको. दोघांपैकी कुणी प्यालेलं असताना नको. जुलै-ऑगस्टमध्ये नको. वर्षश्राद्धाच्या दिवशी बोलावं का, हे मी सांगू शकत नाही. काही घरांत तो दिवस माणसं मऊ करतो, काहींत सगळं पुन्हा सोलून काढतो. तुमचं घर तुम्हाला माहीत.

आणि समजा, तो स्फोटासारखा बोलला: 'तू नव्हतास. मी एकटा हुतो.' मग? तुमच्या तोंडावर पहिलं वाक्य येईल, 'रस्ते बंद होते'. ते खरंच आहे. कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली होता, सांगलीत शिरायला वाट नव्हती, तुम्ही फोन उचलला असतात तरी त्या रात्री पोचला नसतात. हे खरं असूनही त्या क्षणी बोलू नका. तो रस्त्याबद्दल बोलत नाहीये. माझ्या मते त्या फोनवर त्याला फक्त कुणाला तरी विचारायचं होतं: जाऊ का, थांबू का, काय करू. तुम्ही एवढंच म्हणा, "व्हय दादा. एकटा हुतास." आणि मग कितीही वेळ लागला तरी त्याच्या शेजारी बसून राहा.

वाटणीबद्दल. वाटणी म्हणजे नातं तोडणं, असं लगेच धरू नका. दादाच्या बाजूनं त्याची दोन कारणं मला शक्य वाटतात. एक, ज्या रानाच्या काठावर बाप गेला त्या रानाचा कर्ता म्हणून राहणं त्याला झेपत नाही. दुसरं, बाप वाचवता आला नाही, निदान भावाचा वाटा तरी बिनचूक द्यावा. दुसरं कारण असलेली माणसं वाटणीत स्वतःकडं कमी घेतात. दादा तुम्हाला चांगली जमीन देऊ करत असेल तर ते लक्षात घ्या. नाही म्हणू नका, आणि लगेच सहीही करू नका. 'हा गळीत हंगाम जाऊ दे, मग निवांत बसू' असं स्वतः जाऊन सांगा. तोंडी वाटणीवर विसंबू नका. आणि बहीण असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं तिचाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. तुमच्या लिहिण्यात बहिणीचा उल्लेख नाही, म्हणून विचारून ठेवते. कागदांचं काम वकिलाकडून करून घ्या, पण ते आणि वरचं बोलणं एकाच दिवशी नको. नाहीतर तुमच्या त्या चार वाक्यांनाही त्याला जमिनीचा वास येईल.

उपचारांबद्दल थोडं. सहा वर्षांनीही झोपेत दचकणं, ती जागा टाळणं, पावसाळा आला की छातीत धडधडणं चालू असेल, तर 'काळ सगळं भरून काढतो' यावर विसंबू नका. आघातासाठी खास पद्धतीचं समुपदेशन असतं, डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणारी ईएमडीआर नावाची पद्धत असते, गरज असेल तर सर्ट्रालिनसारखी औषधं असतात, आणि उशिरा सुरू केले तरी या उपचारांचा उपयोग होतो. पण दादाला 'तुला मानसिक प्रॉब्लेम आहे' म्हणून नेऊ नका. झोपेच्या तक्रारीवरून सुरुवात करा, आपल्या भागातला पुरुष झोपेसाठी डॉक्टरकडं जायला तयार होतो. आणि शक्य असेल तर त्याच्याआधी तुम्ही स्वतः कुणाला तरी भेटा. पुण्यात सोय भरपूर आहे. सहा वर्षं दोन मिस्ड कॉल उराशी धरून फिरणाऱ्या माणसालाही झोप लागत नसते.

वहिनींना या सगळ्यातून मोकळं करा. सहा वर्षं त्या दोन भावांच्या मधली तार झाल्या आहेत, आणि त्याही त्याच ट्रॅक्टरमध्ये होत्या, मुलांना कवटाळून, सासरे मागं राहिलेले बघत. त्यांना कुणी विचारलंय का, मला माहीत नाही. या महिन्याच्या बिलाचं काय झालं, हे आज संध्याकाळी त्यांना विचारू नका. फोन दादाला लावा. तो उचलेल किंवा नाही उचलणार. नाही उचलला तर उद्या पुन्हा लावा.